मोरीचा वास: काही ओतण्याआधी दोन इंच पाणी बघा

बॅटरी घ्या, न्हाणीघरातली जाळी उचला आणि खाली उजेड मारा. आत पाणी चमकलं पाहिजे. चमकत नसेल, नुसता वाळलेला गाळ किंवा काळं भोक दिसत असेल, तर वासाचं मूळ तिथेच सापडलं. बादलीभर पाणी हळूहळू ओता, खिडकी उघडी ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन बघा. बऱ्याच घरांत एवढ्यावर काम होतं. फिनेल लागत नाही, प्लंबरही लागत नाही.

जाळीच्या खाली जो वाकडा भाग असतो त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्या न्हाणीचाच तो शब्द. पाइप आधी खाली जातो, मग थोडा वर चढतो आणि मग बाहेरच्या लाइनला मिळतो. त्या खोलगट भागात पाणी कायम साचून राहतं. पलीकडे ड्रेनेजची हवा, अलीकडे तुमचं घर आणि मध्ये हा पाण्याचा पडदा. यालाच वॉटर सील म्हणतात. चांगल्या ट्रॅपमध्ये तो ५० मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन इंच असावा लागतो. कमोडच्या तळाशी दिसणारं पाणी त्याचसाठी असतं, बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागातलं पाणीही त्याचसाठी. वाकड्या पाइपात पाणी अडवून वास रोखायची ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग या घड्याळं बनवणाऱ्या कारागिराने १७७५ मध्ये लंडनमध्ये पेटंट घेतलेल्या संडासात ती होती, आणि आजही तिच्याइतकं साधं आणि खात्रीचं दुसरं काही निघालेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे: मोरीचा वास हा बहुतेक वेळा अस्वच्छतेचा प्रश्न नसतो, तो पाण्याचा पडदा कुठेतरी फाटल्याचा प्रश्न असतो. पडदा फाटला असताना डांबरगोळ्या टाकणं आणि सुगंधी द्रव ओतणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी गॅस नाही ना, हे बघा

हे सगळ्यात आधी, कारण इथे चूक परवडत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं रसायन मिसळतात आणि त्याचा वास सडक्या कोबीसारखा, म्हणजे गटाराच्या वासाच्या फार जवळचा असतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि मोरीच्या जाळीपाशी साचतो. त्यामुळे वाकून हुंगणाऱ्याला तो मोरीतूनच येतोय असं वाटतं. पाइपचा गॅस हलका असतो, तो छताकडे जातो. शंका आली तर रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद करा, खिडक्या-दारं उघडा, दिव्याचं एकही बटण दाबू नका, चालू असेल ते बंदही करू नका. नळी आणि रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे. गॅस नाही याची खात्री झाली की मगच मोरीकडे वळा.

वास कुठल्या तोंडातून येतो

फ्लॅटमध्ये ड्रेनेजला उघडणारी तोंडं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात: प्रत्येक न्हाणीघरात एक किंवा दोन जाळ्या, बेसिन, कमोड, स्वयंपाकघरातलं सिंक, ड्राय बाल्कनीतली मोरी, वॉशिंग मशिनचा पाइप, एसीचं पाणी, आरओचं सांडपाणी. शिवाय नाकावर विसंबता येत नाही. पाच-दहा मिनिटांत नाक वासाला सरावतं. म्हणून शोधताना मधूनमधून बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं थांबून परत या.

पद्धत अशी. रात्री सगळी कामं आटोपल्यावर प्रत्येक जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी पसरून वर पाण्याने भरलेली दुसरी पिशवी ठेवा. पाण्याच्या वजनाने ती कडेला नीट बसते, टेपपेक्षा हे सोपं. बेसिन आणि सिंकला बूच लावा, बेसिनच्या वरच्या कडेजवळचं छोटं भोक टेपने बंद करा. कमोडचं झाकण लावून भागत नाही, कारण त्याचा दोष असेल तर तो पाठीमागच्या जोडात असतो. त्या जोडाभोवती प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून चिकटपट्टी लावा. सकाळी वास नसेल तर एकेक तोंड उघडत जा, दर तोंडामागे तासभर थांबा. तंत्र कंटाळवाणं आहे, पण फरश्या फोडण्याआधी एक रात्र घालवणं केव्हाही स्वस्त. सगळं बंद असूनही वास राहिला, तर तो डक्टमधून, म्हणजे इमारतीतले उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेतून, किंवा भिंतीतल्या पाइपातून येतोय. त्याबद्दल पुढे.

आणखी एक खूण वेळेची. वास सदा सर्वकाळ येतो, की सकाळी वरच्या मजल्यावर फ्लश झाला की येतो? की फक्त एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी चालू असताना? की एसी लावल्यावर? की गावाहून परत आल्यावर? या एका प्रश्नाच्या उत्तरावर अर्धं निदान होतं.

पाणी का नाहीसं होतं

सगळ्यात साधं कारण म्हणजे बाष्पीभवन. पाहुण्यांचं न्हाणीघर, देवघराशेजारची मोरी, न वापरला जाणारा कमोड इथलं पाणी हळूहळू उडून जातं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत दोन-तीन आठवड्यांत ट्रॅप कोरडा पडू शकतो, कोकणातल्या दमट हवेत जास्त दिवस टिकतो. उपाय: आठवड्यातून एकदा प्रत्येक न वापरलेल्या जाळीत दोन तांबे पाणी आणि न वापरलेल्या कमोडला एक फ्लश. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरत असाल तर ते यासाठी उत्तम.

दुसरं कारण ओढ. उभ्या पाइपातून वरच्या मजल्याचं पाणी वेगाने खाली येतं तेव्हा मागे हवा विरळ होते, आणि ती पोकळी तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेते. त्यावेळी मोरीतून बुडबुड किंवा गडगड असा आवाज येतो. खालच्या मजल्यांवर उलटं होतं: कोसळणारं पाणी पुढची हवा दाबतं आणि ती पाण्याच्या पडद्यातून फुगे काढत घरात शिरते. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे वेंट पाइप. गच्चीवर उघडणारा हा पाइप लाइनला श्वास घेऊ देतो. तो बंद झाला की इमारतीतले ट्रॅप एकामागून एक रिकामे होऊ लागतात. पावसाचं पाणी गळतं म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड टाकली आणि वेंटचं तोंड शेडखालीच राहिलं, कुणी डास येतात म्हणून त्यावर घट्ट टोपी बसवली, कबुतरांनी आत काड्या भरल्या, पाण्याची टाकी बदलताना पाइप कापून टाकला, हे प्रकार कित्येक सोसायट्यांत बघायला मिळतात. वेंटच्या तोंडावर जाळीची टोपी हवी, ज्यातून हवा जाईल आणि डास जाणार नाहीत. लोक वावरतात अशा गच्चीवर तो माणसाच्या डोक्याच्या बराच वर न्यावा, निदान दोन मीटर, आणि कुणाच्या खिडकीजवळ सोडू नये.

तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: केस किंवा पोछ्याचा धागा. ट्रॅपमध्ये अडकलेला केसांचा झुपका एका बाजूने पाण्यात आणि दुसऱ्या बाजूने बाहेरच्या पाइपात लोंबत असेल, तर वातीने तेल वर चढावं तसं पाणी त्या झुपक्यातून थेंबथेंब पलीकडे जात राहतं. संध्याकाळी भरलेला ट्रॅप सकाळी अर्धा होतो. म्हणून ही चाचणी करा: रात्री ट्रॅप भरून पाण्याची पातळी काडीवर खूण करून मोजा, सकाळी पुन्हा मोजा. नुसत्या बाष्पीभवनाने एका रात्रीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त घट होत नाही. बोटभर पाणी कमी झालं असेल तर आधी केस काढा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा. तरीही घटलं तर वेंट तपासा. वेंटही ठीक असेल आणि खालच्या घराच्या छताला ओल दिसत असेल, तर ट्रॅपलाच तडा गेला आहे आणि तो बदलावा लागेल.

पडदा मुळातच नसेल तर

नवीन इमारतींतही वासाचं हे एक मोठं कारण आहे. सिंकखालचं किंवा बेसिनखालचं कपाट उघडा. एक पांढरा, घड्याघड्यांचा लवचिक पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला दिसेल. पाइप बारीक, भोक मोठं, मधली फट उघडी. त्या फटीतून वास येतो, झुरळं येतात, चिलटं येतात. त्यातच तो पाइप घड्यांचा असल्यामुळे आत खरकटं आणि चिकट थर साचून स्वतःच वास मारतो.

काय करायचं? भोकाचा आतला व्यास मोजा, बहुधा ५० मिमी असतो. सिंकचा पाइप ४० मिमी आणि बेसिनचा ३२ मिमी असतो. हार्डवेअरच्या दुकानात या मापाची रबरी रिंग मिळते, एका बाजूने भोकात घट्ट बसणारी आणि दुसऱ्या बाजूने पाइप घट्ट पकडणारी. जाताना जुन्या पाइपाचा तुकडा आणि भोकाचं माप घेऊन जा. रिंग बसवण्याआधी भोकाची कड ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, पाइपाला भांड्यांच्या साबणाचा हात लावा म्हणजे तो रबरात सहज शिरेल. पाइप तीन-चार इंच आत गेला पाहिजे, पण इतका खोल नको की समोरच्या बेंडला टेकून पाणी अडेल. रिंग मिळालीच नाही तर फट सिलिकॉन सीलंटने भरा. सिलिकॉन ओल्या जागी धरत नाही, म्हणून जागा पूर्ण कोरडी करा आणि लावल्यावर चोवीस तास पाणी सोडू नका. पांढऱ्या सिमेंटने भरू नका. पाइप हलला की ते तडकतं आणि पुढे पाइप बदलायचा झाला तर छिन्नी घ्यावी लागते.

फट बंद करणं हा अर्धा उपाय झाला, कारण पाइपाच्या आतून वर येणारी हवा अजून मोकळीच आहे. तिच्यासाठी ट्रॅप हवा. बेसिनखाली ३२ मिमीचा बॉटल ट्रॅप चालतो, दिसायलाही बरा दिसतो. स्वयंपाकघरात मात्र बॉटल ट्रॅप लावू नका, हे मी ठामपणे सांगतो. त्याच्या अरुंद वाटेत तूप-तेल आणि भाताची शितं अडकतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तुंबतो. तिथे ४० मिमीचा गुळगुळीत पी ट्रॅप घ्या, ज्याचा वाकडा भाग हाताने फिरवून काढता येतो. घड्यांच्या पाइपालाच गोल वळसा देऊन दोरीने बांधतात, तो जुगाड चार दिवस चालतो. पाइप सरळ झाला की पडदाही गेला.

एक अपवाद समजून घ्या. कित्येक फ्लॅटमध्ये बेसिनचा पाइप जमिनीखालून न्हाणीघरातल्या ट्रॅपमध्येच येऊन पडतो. दोन-तीन तोंडांचा हा मल्टी ट्रॅप असेल तर बेसिनला ड्रेनेजपासूनचं संरक्षण आधीच आहे. तपासणं सोपं: बेसिनमध्ये पाणी सोडा आणि जाळी उचलून बघा, पाणी बाजूच्या भोकातून ट्रॅपमध्ये पडताना दिसेल. अशा बेसिनला वास येत असेल तर तो गटाराचा नाही, मधल्या पाइपातल्या बुळबुळीत थराचा आहे. तिथे साफसफाईच उपयोगी पडेल.

जाळीबद्दलही दोन शब्द. झुरळं अडवण्यासाठी खाली वाटी असलेली स्टीलची जाळी बसवतात. त्या वाटीत जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पाणी राहतं. खालचा मोठा ट्रॅप नीट असेल तर ही जाळी जास्तीची सोय म्हणून चांगली. पण खाली ट्रॅपच नसेल आणि सगळा भार या वाटीवर असेल, तर चार दिवस घर बंद राहिलं तरी वास येणार. शिवाय केस अडकतात म्हणून साफ करताना वाटी काढून ठेवली जाते आणि परत बसवायची राहून जाते. आजकाल सिलिकॉनच्या पडद्याची, पाणी गेलं की मिटणारी झडपही मिळते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या मोरीला ती छान. रोजच्या अंघोळीच्या मोरीत एक केस अडकला तरी ती अर्धी उघडी राहते, म्हणून तिथे आठवड्याला काढून धुवावी लागते.

थर धुणं, आणि काय ओतू नये

ट्रॅपमध्ये पाणी आहे, जोड घट्ट आहेत आणि तरी आंबूस, कुजकट वास येतो. जाळीच्या आसपास पंखांवर लव असलेल्या बारीक माश्या बसतात. म्हणजे पाइपाच्या अलीकडच्या भागात साबण, तेल, त्वचेचा मळ आणि जिवाणूंचा थर चढला आहे. त्यातल्या प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंमुळे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास तो हाच. हवेच्या अब्ज भागांत मोजके भाग असला तरी नाकाला कळतो, म्हणून थोडासा थरही सगळं घर वासाने भरतो. माश्या कुठल्या मोरीतल्या हे शोधायचं तर रात्री जाळीवर चिकटपट्टी आडवी लावा, चिकट बाजू खाली. सकाळी ज्या पट्टीवर माश्या, ती मोरी.

हा थर ओतून जात नाही, घासूनच जातो. न्हाणीघरात रबरी हातमोजे घालून जाळी काढा, केस आणि गाळ हाताने काढून कचऱ्यात टाका, पुन्हा मोरीत नको. मग लांब दांड्याचा बाटली धुण्याचा ब्रश आणि धुण्याचा सोडा: ५ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम. त्यातलं अर्धं ओता, पंधरा मिनिटं थांबा, कडा आणि ट्रॅपच्या भिंती घासा, उरलेलं अर्धं ओता आणि शेवटी दोन बादल्या साधं पाणी. पाणी उकळतं नको. पीव्हीसीचे पाइप ६० अंशांच्या वरच्या पाण्यासाठी नसतात, उकळत्या पाण्याने ते मऊ पडून वाकतात आणि जोड सुटतात. हात बुडवला तर लगेच काढून घ्यावासा वाटेल इतकं गरम पुरे.

बेसिनला वास येत असेल तर वरच्या कडेजवळचं ते छोटं भोक विसरू नका. जास्त झालेलं पाणी जाण्यासाठीची ती वाट कधीच धुतली जात नाही, आत काळा थर जमतो आणि लोक खालचा पाइप बदलत बसतात. बारीक ब्रश आत घालून साबणाच्या गरम पाण्याने घासा. मग १ लिटर थंड पाण्यात ५० मिलिलिटर ब्लीच मिसळून त्या भोकातून हळूहळू सोडा, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा.

सिंकसाठी एक पद्धत इतर सगळ्यांपेक्षा चांगली. बूच लावून सिंक गरम पाण्याने भरा, त्यात दोन चमचे भांड्यांचा द्रव साबण घाला आणि बूच एकदम काढा. दहा-बारा लिटर पाणी एका दमात जातं तेव्हा पाइप पूर्ण भरून वाहतो आणि वरच्या बाजूचं तेलही धुऊन नेतो. किटलीतून ओतलेलं पाणी फक्त तळावरून ओघळतं. आठवड्यातून एकदा हे केलं आणि कढईतलं तेल आधी कागदाने पुसून घेतलं, तर स्वयंपाकघरातला वास बहुतेक थांबतो. सिंकच्या भोकात बसवलेलं, वाटीची जाळी असलेलं कपलिंग वर्षातून एकदा खोलून त्याच्या रबरी वॉशरखालचा काळा चिखलही काढा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस बघायला छान वाटतो, पण ते एकमेकांना निकामी करतात. उरतं ते किंचित खारट पाणी. कॉस्टिक सोड्याची पावडर तुंबलेल्या पाइपात तेलाचा साबण करते, खरं आहे, पण त्यातून प्रचंड उष्णता निघते, पाणी पुढे जात नसेल तर ती पावडर तळाशी दगडासारखी घट्ट होते, आणि नंतर पाइप खोलणाऱ्याचे हात भाजतात. ॲसिडने स्टीलची जाळी काळी पडते, फरश्यांमधलं सिमेंट आणि संगमरवर खाल्लं जातं, आणि चरबीच्या थरावर त्याचा काही उपयोग नाही. सगळ्यात महत्त्वाचं: ब्लीच आणि संडास साफ करण्याचं ॲसिड एकत्र किंवा एकामागून एक ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना जबर इजा करतो. बेसिनमधल्या डांबरगोळ्याही काढून टाका. त्यांतल्या नॅप्थॅलिनची वाफ तान्ह्या बाळांना, विशेषतः जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्या बाळांना, अपायकारक असते; त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. सेप्टिक टँक असलेल्या बंगल्यात ब्लीच, ॲसिड, फिनेल यांचा मारा केला तर मैला पचवणारे जिवाणू मरतात आणि वास वाढतोच.

पंखा, चिमणी, एसी

दारं-खिडक्या बंद ठेवून स्वयंपाकघराची चिमणी लावली की ती घरातली हवा बाहेर फेकते, आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. दोन इंचाचा पूर्ण भरलेला पडदा एवढ्या ओढीला दाद देत नाही. पण उघडी फट, अर्धा रिकामा ट्रॅप किंवा ट्रॅपच नसलेला पाइप असेल, तर ती हवा ड्रेनेजमधून येते. वास फक्त चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू असताना येत असेल, तर दोष पंख्याचा नाही, त्याने दोष दाखवून दिला आहे. खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि फट शोधा.

हे किती गंभीर होऊ शकतं, ते २००३ मध्ये हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स या वसाहतीत दिसलं. सार्स या श्वसनरोगाच्या साथीत तिथे ३०० हून अधिक लोकांना लागण झाली. तपासात जी कारणं पुढे आली त्यांत न्हाणीघरांच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप आणि बंद न्हाणीघरात चालणारे एक्झॉस्ट पंखे ही जोडी होती: पंख्याच्या ओढीने ड्रेनेजमधले दूषित तुषार घरात आले. दोन तांबे पाण्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

एसी लावल्यावर वास येत असेल तर त्याच्या पाण्याची नळी कुठे जोडली आहे ते बघा. भिंतीतून थेट ड्रेनेजच्या पाइपात घातली असेल तर वास त्याच नळीने वर चढतो. नळीचं टोक काढून बाल्कनीच्या मोरीच्या जाळीच्या वर, मोकळ्या हवेत सोडा. वॉशिंग मशिनचा पाइपही जाळीत खोल कोंबू नका. पाणी जोरात जाताना ट्रॅप रिकामा करून जातं; टोक जाळीच्या वर दोन बोटं राहू द्या आणि मशिन संपल्यावर तांब्याभर पाणी ओता.

कमोडचा जोड

कमोडच्या मागचा जोड पूर्वी पांढऱ्या सिमेंटने भरत. भांडं जरा डुगडुगलं की त्याला केसासारखी चीर जाते. पाणी गळत नाही, पण वास येतो, कारण हवेला चीर पुरते. पंखा बंद करून जोडाभोवती पेटती उदबत्ती फिरवा. धूर एका जागी थरथरला किंवा ढकलला गेला की चीर तिथेच. मात्र उदबत्ती फक्त इथेच, ड्रेनेजचं चेंबर किंवा सेप्टिक टँकजवळ ज्योत अजिबात नको, तिथे मिथेन असतो. चिरेवर नुसतं सिलिकॉन थापणं तात्पुरतं. खरा उपाय म्हणजे भांडं काढून ११० मिमीच्या पाइपाला रबरी पॅन कनेक्टर बसवणं आणि तळाचे स्क्रू घट्ट करून डुगडुग थांबवणं.

डक्ट, गली ट्रॅप आणि सोसायटी

घरातली सगळी तोंडं बंद करूनही न्हाणीघराच्या खिडकीतून वास येत असेल तर डक्टमध्ये बघावं लागेल. उभ्या पाइपाला जागोजाग झाकणं असतात, प्लंबर त्यांना डोअर म्हणतात. तुंबलेलं काढताना डोअर उघडतात, मग जुना वॉशर फेकून नुसत्या दोन बोल्टवर लावून जातात. नवीन रबरी वॉशर आणि सगळे बोल्ट, हे काम झाल्यावर स्वतः बघा.

तळमजल्यावर, आंघोळीचं आणि स्वयंपाकघरातलं पाणी चेंबरला मिळण्याआधी गली ट्रॅप असतो. त्याचं झाकण फुटलं, आतला वाकडा भाग तडकला किंवा गाळ काढताना मोडला, तर त्या उभ्या लाइनवरच्या सगळ्या घरांच्या पाइपात गटाराची हवा शिरते. तुमच्या वरच्या आणि खालच्या घरांनाही तोच वास येत असेल तर घरात काही फोडण्याआधी हे तपासायला लावा. पावसाळ्यात यात भर पडते: पावसाचं पाणी सांडपाण्याच्या लाइनमध्ये शिरून ती तुडुंब भरते, आतली हवा दाबली जाते आणि तळमजल्याच्या मोरीतून फुगे येतात. मेअखेर चेंबरचा गाळ काढून घेणं आणि सखल भागातल्या तळमजल्यासाठी एका दिशेनेच उघडणारा व्हॉल्व्ह, हे दोन उपाय.

चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणालाही उतरवू नका, कितीही अनुभवी माणूस असो. तिथे हायड्रोजन सल्फाइड दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास पोचला की नाक बधिर होतं, वास थांबल्यासारखा वाटतो, आणि त्याच्या काही पटीत माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शोषून घेणारं मशिन बोलवा.

घर महिनोनमहिने बंद राहणार असेल

मुलं परदेशात, आईवडील त्यांच्याकडे सहा महिने, इकडे फ्लॅट कुलपात. अशा घरात परतल्यावर दार उघडताच जो वास येतो तो कोरड्या ट्रॅपचा असतो. आणि तोच वास आधी अनेक दिवस शेजाऱ्यांकडे, डक्टमधून, पोचलेला असतो. निघण्याआधी प्रत्येक ट्रॅप साफ करून काठोकाठ भरा आणि वर दोन मोठे चमचे, साधारण ३० मिलिलिटर, लिक्विड पॅराफिन ओता. औषधाच्या दुकानात मिळतं. ते पाण्यावर तरंगतं आणि बाष्पीभवन अडवतं. गोडेतेलानेही हे होतं, पण ते खवट होतं आणि मुंग्या-झुरळं येतात. कमोडमध्येही एवढंच ओता, मात्र त्यानंतर फ्लश करू नका, नाहीतर सगळं वाहून जाईल. मग जाळीवर जाड प्लॅस्टिक आणि वर पाण्याने भरलेली पिशवी. किल्ली ज्यांच्याकडे ठेवता त्यांना महिन्यातून एकदा पिशव्या उचलून पाणी आहे का ते बघायला सांगा, घटलं असेल तर कडेने अलगद पाणी सोडायचं. परत आल्यावर आधी खिडक्या उघडा, मग प्रत्येक जाळीत बादलीभर साबणाचं कोमट पाणी ओतून तेलाचा थर घालवा, आणि शेवटी साधं पाणी ओतून बॅटरी मारा.